शहर मागे, शिकवण पुढे : तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली जुनी शहरं

शाईदाणी

इथे फ्रँकफर्टला माइन नदीच्या काठी शनिवारी जुना बाजार भरतो. गेल्या महिन्यात तिथे एका खोक्यात, फाटक्या नकाशांच्या खाली, पोस्टकार्डाहून जरासं मोठं एक चित्र सापडलं. भोवती पुठ्ठ्याची चौकट. नदी, पूल, तटबंदी, दोन मनोरे, मागे टेकडी. जर्मनीतल्या फ्रँकोनिया भागातलं लहानसं गाव. आणि पुढे, ऐन मोक्याच्या जागी, ढगातून बाहेर आलेला एक हात, त्या हातात तराजू. विकणाऱ्याने "जुनं गाव" म्हणून दिलं, मीही गाव म्हणूनच घेतलं.

घरी येऊन पुठ्ठा सोडवला तर खालून शब्द निघाले. वर लॅटिनमधलं छोटं वचन, खाली दोन ओळी लॅटिन, त्याखाली जर्मन यमकं. कागदावर बोट फिरवलं की चारी बाजूंनी दबलेली कड लागते, तांब्याचा पत्रा कागदात रुतल्याची. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक अक्षर आणि एक आकडा. आधीच्या कुणा मालकाने किंवा दुकानदाराने शब्द झाकले होते, का, तर भिंतीवर नुसतं गाव छान दिसतं. मला त्या झाकण्याचं फार वाईट वाटलं, कारण त्या शब्दांसाठीच तर हे चित्र कोरलेलं होतं.

कोपऱ्यातल्या अक्षरावरून पत्ता लागला. डॅनियल माइस्नर नावाचा एक कवी, बोहेमियातल्या कोमोटाऊचा (आताचं खोमुतोव्ह, चेक प्रजासत्ताक). त्याने कल्पना मांडली आणि फ्रँकफर्टचा कोरीवकाम करणारा प्रकाशक एबरहार्ड कीझर याने ती छापली. लॅटिन नाव 'थेसाउरस फिलो-पोलिटिकुस', जर्मन नावाचा अर्थ 'राजनीतीची छोटी रत्नपेटी'. १६२३ पासून १६३१ पर्यंत हप्त्याहप्त्याने पानं निघत राहिली. माइस्नर १६२५ मध्येच वारला, पण काम थांबलं नाही. पुढे पत्रे न्यूर्नबर्गच्या पाउल फ्यूर्स्टकडे गेले आणि त्याने १६३८ मध्ये 'सियोग्राफिया कॉस्मिका' या नावाने सगळं पुन्हा काढलं : ए ते एच असे आठ भाग, भागाला शंभर चित्रं, म्हणजे आठशेच्या घरात शहरं. (हा फ्यूर्स्ट म्हणजे प्लेगच्या डॉक्टरचं ते चोचवाल्या मुखवट्याचं १६५६ चं प्रसिद्ध चित्र छापणारा.) कोपऱ्यातलं अक्षर आणि आकडा हे या दुसऱ्या आवृत्तीचे. म्हणजे माझं पान १६३८ च्या आधीचं नाही.

माझं पान ज्यात मोडतं तो एम्ब्लेम, म्हणजे बोधचित्र, हा प्रकार इथे थोडा सांगायला हवा. आंद्रेआ आल्चियातो या इटालियन कायदेपंडिताची छोटी लॅटिन कवनं १५३१ मध्ये आउग्सबुर्गला चित्रांसकट छापली गेली आणि तिथून पुढची दोनशे वर्षं युरोपभर त्याची लाट आली. रचना तीन अंगांची : वर सूत्रासारखं वचन, मध्ये चित्र, खाली पद्य. वचन एकटं वाचलं तर कोडं, चित्र एकटं पाहिलं तरी कोडंच. तिन्ही एकत्र वाचली की अर्थ उलगडतो. डॉल्फिनने विळखा घातलेला जहाजाचा नांगर म्हणजे 'घाई कर, पण सावकाश'. बुडबुडा म्हणजे माणूस. पाठीवर देवीची मूर्ती वाहून नेणारं गाढव, ज्याला वाटतं की लोक आपल्यालाच नमस्कार करताहेत : हे खुद्द आल्चियातोचं. आपल्याकडच्या अन्योक्तीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

माइस्नर आणि कीझर यांनी केलं काय, तर या एम्ब्लेमच्या मागे खरं शहर उभं केलं. शहराचं नाव वर लिहिलेलं. तट, मनोरे, चर्च ओळखू येण्यासारखे. आणि त्या शहराच्या वेशीबाहेर, शेतात, नदीकाठी, बोधाचा खेळ चाललेला.

आता माझा खरा प्रश्न. गावाचा आणि तराजूचा संबंध काय? त्या गावचे व्यापारी लबाड होते का? मी पुस्तकांत आणि ऑनलाइन प्रतींमध्ये अशी बरीच पानं पाहिली. बहुतेक ठिकाणी असा थेट संबंध दिसत नाही. काही अभ्यासक त्यामुळे याला सरधोपट धंदेवाईक जुळवाजुळव म्हणतात. मला ते पटत नाही. पण का पटत नाही हे नीट मांडता येत नाहीये, म्हणून हा धागा.

अनुस्वार

वाचनखूण साठवली. फार दिवसांनी असा धागा आला.

संबंध नसण्याबद्दल : शहराचं चित्र म्हणजे शहराचा फोटो, ही अपेक्षाच पूर्वी नव्हती हे लक्षात घ्यायला हवं. १४९३ चा न्यूर्नबर्गचा जगाचा इतिहास घ्या. हार्टमान शेडेलचा. चित्रं १८०० च्या वर, आणि ती छापायला वापरलेले लाकडी ठोकळे सुमारे ६५०. एकच तटबंदी, तेच मनोरे, खाली नाव फक्त बदललेलं. वाचकाला 'हे एक शहर आहे' एवढं कळलं की पुरे. त्या मानाने कीझरची शहरं खूपच खरी. कारण मधल्या काळात ब्राउन आणि होगेनबेर्ग यांचा शहरचित्रांचा ग्रंथ येऊन गेला होता.

शाईदाणी

अनुस्वार, अगदी बरोबर. ब्राउन-होगेनबेर्गबद्दल लिहायचंच होतं, पण मूळ धागा लांबला असता.

गेओर्ग ब्राउन हा कोलोनचा धर्मगुरू, फ्रान्स होगेनबेर्ग हा मेखेलनचा कोरक्या. 'सिविटाटेस ऑर्बिस टेरारुम', १५७२ ते १६१७, सहा खंड, ५४६ चित्रं. पुढच्या शंभर वर्षांत ज्याला शहर कोरायचं असेल त्याने यांच्यावरूनच उचललं, कीझरनेही पुष्कळ. यात पुढच्या बाजूला माणसं असतात, त्या त्या गावच्या पोशाखात. ब्राउनने प्रस्तावनेत कारण दिलंय ते वाचण्यासारखं आहे : तुर्कांच्या धर्माला मनुष्याकृती चालत नाहीत, तेव्हा माणसं काढली की ही चित्रं त्यांच्या हाती पडली तरी लढाईच्या कामी वापरणार नाहीत. तटबंदीचा तपशील छापल्याची धास्ती त्यालाही वाटत होती.

पण याच ग्रंथात माणसं पोशाख दाखवण्यापलीकडे जातात. योरिस हूफनागेल हा अँटवर्पचा चित्रकार, १५६० च्या दशकात स्पेनमध्ये राहून गेलेला. त्याचं सेव्हिल पाचव्या खंडात आहे. मागे शहर, हिराल्डाचा मनोरा. पुढे काय? गाढवावरून धिंड! बायकोचा व्यभिचार माहीत असून गप्प बसलेल्या नवऱ्याला गाढवावर बसवलंय, डोक्याला भलीमोठी शिंगं बांधलीत, मागेपुढे शिक्षा देणारे आणि बघे. स्पॅनिशमध्ये लिहिलंय की ही 'सोशिक शिंगवाल्यां'ची शिक्षा. शिंगं म्हणजे फसवला गेलेला नवरा, ही खूण तिकडे सगळ्यांना माहीत. हाइडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हे खंड ऑनलाइन ठेवलेत. पान मोठं करून बघा. सगळा गलका पुढे, आणि मागचं शहर किती शांत, सोनेरी.

आणि गंमत म्हणजे 'सोशिक' हा हूफनागेलचा आयुष्यभराचा विषय. १५६९ मध्ये लंडनला असताना त्याने 'पाटिएंशिया', म्हणजे सोसणं, या एकाच गोष्टीवर एम्ब्लेमांची अख्खी वही चित्रं-पद्यांसकट केली होती. १५७६ मध्ये स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटलं, त्यानंतर त्याने गाव सोडलं. सोसण्याला तो एकाच मापाने मोजत नाही, एवढं मला यातून दिसतं.

पणजीकर

छान चाललंय. गोव्याची भर घालतो.

ब्राउन-होगेनबेर्गच्या पहिल्या खंडातच (१५७२) गोवा आहे. एका पानावर चार बंदरं : मोरोक्कोतली अन्फा (आताचं कासाब्लांका) आणि अझेमूर, खाली आपलं दीव आणि गोवा. पोर्तुगीजांशी संबंध आलेली बंदरं एकत्र मांडलेली. गोव्याखाली लॅटिनमध्ये 'हिंदुस्थानातलं अतिशय बळकट शहर, १५०९ मध्ये ख्रिस्तींच्या सत्तेखाली आलं' अशा अर्थाचं वाक्य. साल चुकलंय, आल्बुकेर्कने गोवा घेतलं १५१० मध्ये. इथे ढगातला हात नाही, तराजू नाही, पण 'बळकट' आणि 'ख्रिस्तींच्या सत्तेखाली' या दोन शब्दांत निकाल दिलेलाच आहे.

पण गोव्याचं खरं बोधचित्र हवं असेल तर लिन्सखोटेनकडे जावं लागतं. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण, १५८३ पासून पाचेक वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. १५९६ मध्ये त्याचा ग्रंथ ॲमस्टरडॅमला निघाला. त्यात गोव्याचा मोठा नकाशा आहे आणि बाजाराचंही चित्र आहे. घोड्यावर बसलेला पोर्तुगीज फिदाल्गो (उमराव) आणि शेजारून पायी चाललेला, त्याच्यावर छत्री धरणारा नोकर. पालखीतून जाणारी बाई. मजकुरात तो या थाटामाटाबद्दल, आळसाबद्दल आणि चैनीबद्दल चांगलंच सुनावतो. चित्र नुसतं पाहिलं तर वैभव, मजकूर वाचून पाहिलं तर पोखरलेलं शहर. तुमच्या त्या झाकलेल्या ओळींसारखंच हे.

जुन्या गोव्यात लहानपणी आजोबांचं बोट धरून फिरलोय. से कॅथेड्रलसमोर आता हिरवळ आहे, त्या नकाशात तिथे दाटीवाटीने घरं आहेत. नकाशा पाहताना मला दरवेळी आधी ती घरं दिसतात.

ओवीकार

शाईदाणीताई, तीन अंगं वाचून एकदम चक्रधरस्वामींचे दृष्टांत आठवले. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची तीन अंगं : सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. वचन, चित्र, उलगडा. तेराव्या शतकातलं हे. एकाचा दुसऱ्याशी काही लागाबांधा नाही हे माहीत आहे, पण मांडणी किती सारखी!

तुमच्या प्रश्नाबद्दल माझं मत थोडं वेगळं. संबंध नसता तर शहराचं नाव ठळक कशाला लिहिलं असतं? निदान काही पानांत तरी टोमणा असणारच. त्या काळच्या वाचकाला कळत असेल, आपल्याला संदर्भ हरवल्यामुळे कळत नाही.

तांबट

माझ्या घरी तीन पिढ्या तांब्याचं काम. भांड्यांचं, चित्रांचं नव्हे. पण ठोकणं आणि कोरणं बघत वाढलो म्हणून चार शब्द.

पत्रा आधी घासून आरशासारखा करावा लागतो. मग पोलादी कोरणी, ज्याला ते ब्युरिन म्हणतात. हातोडी नाही. मूठ तळहातात धरून पुढे रेटायची, आणि वळण घ्यायचं तर हात नाही फिरवायचा, पत्रा फिरवायचा. म्हणून खाली वाळूची गादी ठेवतात. तांब्याचा बारीक कीस वर येतो तो खरवडून काढायचा, नाहीतर रेघ खरबरीत छापते. शाई पत्र्यावर चोपडायची, पुसून घ्यायची, फक्त रेघांच्या खोबणीत ती उरते. ओला कागद, वर लोकरी कापड, आणि दोन रुळांमधून दाबून काढायचं. ताईंना कडेला जी खाच लागली ती याचीच.

आता महत्त्वाचं. पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं असतं, अक्षरंसुद्धा. दुसऱ्याच्या छापील चित्रावरून कोरताना कारागीर आळस करतो, जसं दिसतं तसं कोरतो. मग छापून आलं की शहर आरशातलं निघतं. नदी डावीकडची उजवीकडे जाते, शिपाई तलवार डाव्या हातात धरतात. जुन्या चित्रांत अशी डावखुरी फौज दिसली की समजावं, हे चित्र कुणाच्या तरी चित्रावरून घेतलेलं.

आणि पत्रा झिजतो. काही शे प्रती चांगल्या निघतात, मग बारीक रेघा आधी जातात : आभाळ, पाणी, लांबचे डोंगर. खोल रेघा टिकतात. ताईंच्या चित्रात आभाळ फिकट आणि हात-तराजू ठसठशीत असेल तर पत्र्याने बरंच आयुष्य पाहिलेलं आहे.

शाईदाणी

तांबटकाका, तुमचा प्रतिसाद वाचून भिंग घेऊन बसले. आभाळात खरंच जवळजवळ काही उरलेलं नाही. टेकडीमागच्या आडव्या रेघा तुटक तुटक झाल्यात. हात आणि तराजू मात्र काळेकुट्ट, तराजूच्या दोरीचा पीळसुद्धा दिसतो. म्हणजे शहर हळूहळू विरत गेलं आणि शिकवण तेवढी राहिली. हे कुणी ठरवून केलेलं नाही हे माहीत आहे, तरी अंगावर काटा आला.

ओवीकार, दृष्टांतपाठाची आठवण काय सुरेख काढलीत. पण तिथेच मला फरकही सापडला. केसोबासांच्या दार्ष्टांतिकात गाठ पक्की मारलेली असते : दृष्टांतातलं हे म्हणजे जीव, ते म्हणजे देव. इथे खालचं पद्य तराजूची गाठ मारतं, शहराची मारत नाही. शहर मोकळंच राहतं. टोमण्याबद्दल : काही पानांत असेलही, मी नाकारत नाही. पण आठशे गावांना आठशे टोमणे मारणाऱ्याला आठशे गावची कुलंगडी माहीत असायला हवीत, आणि दूरच्या आशिया-आफ्रिकेतल्या गावांना कुठले टोमणे मारणार?

जुनाबाजार

मी काही वर्षं जुनी छापील चित्रं गोळा करतो, म्हणून व्यवहाराची बाजू सांगतो. धंदेवाईक म्हणणाऱ्यांना एवढं हलक्यात घेऊ नका.

फ्रँकफर्टला वर्षातून दोनदा पुस्तकांची जत्रा भरायची, वसंतात आणि शरदात. हप्त्याने छापणाऱ्या प्रकाशकाला प्रत्येक जत्रेला नवा गठ्ठा घेऊन जावं लागे. शहर कोरायला ब्राउन-होगेनबेर्ग हाताशी, बोध कोरायला शंभर वर्षांची एम्ब्लेमची पुस्तकं हाताशी. दोन्ही एकाच पानावर आणली की दोन प्रकारची गिऱ्हाइकं मिळतात. शिवाय तिसरंही गिऱ्हाईक : विद्यार्थी. तेव्हा विद्यापीठातली मुलं एम्ब्लेमची पुस्तकं कोऱ्या पानांसकट बांधून घेत आणि मित्रांकडून, गुरूंकडून त्यात चार ओळी, सही, तारीख लिहून घेत. या गावाहून त्या गावच्या विद्यापीठात भटकणाऱ्या मुलाला शहर आणि सुविचार एकाच पानावर मिळाला तर त्याला दुसरं काय हवं?

आजही बाजारात हेच चालतं, फक्त उलट. वह्या फोडून पानं सुटी विकतात, कारण ज्याचं गाव त्याला त्या पानाचं मोल. मग शब्द कापतात किंवा पुठ्ठ्याखाली घालतात. आणि बऱ्याच पानांना रंग अलीकडे चढवलेला असतो. मूळची काळी-पांढरी प्रत मिळाली असेल तर जपा.

शाईदाणी

जुनाबाजार, तुमच्या प्रतिसादाने माझी गाठ सुटली, मनापासून आभार.

भटकणारा विद्यार्थी! मी इतके दिवस चित्राकडे गावाच्या बाजूने बघत होते : या गावाला हा तराजू का? पण पान हातात धरणारा तर गावाबाहेर उभा आहे. तराजू गावात नाही, वेशीच्या अलीकडे आहे, बघणाऱ्याच्या बाजूला. तो पुढे रस्त्याने त्या पुलावरून आत जाणार आहे आणि आत शिरण्याआधी त्याला काहीतरी सांगितलं जातंय. म्हणून कुठलंही गाव चालतं. उद्या तो दुसऱ्या गावाच्या वेशीवर असेल, तिथे दुसरं काही सांगितलं जाईल. हे धंद्यासाठी केलेलं असलं तरी खोटं ठरत नाही.

आणि काळ बघा. १६१८ ला तीस वर्षांचं युद्ध पेटलं. १६२२ मध्ये कॅथलिक सेनापती टिलीच्या फौजेने हाइडेलबर्ग घेतलं आणि पुढच्या वर्षी तिथलं प्रसिद्ध ग्रंथालय खेचरांवर लादून रोमला नेलं. त्याच १६२३ मध्ये इथे फ्रँकफर्टला, काही तासांच्या अंतरावर, कीझरचा पहिला हप्ता निघतो. शेवटचा १६३१ चा. त्या वर्षी मे महिन्यात माग्देबुर्ग शहर जाळलं गेलं, सुमारे वीस हजार माणसं मेली. चित्रं मात्र जुन्या चित्रांवरून घेतलेली, त्यामुळे अशा संग्रहांत तट शाबूत, मनोरे उभे, धुराड्यांतून धूर. राजनीतीची रत्नपेटी हे नाव त्या वर्षांत कुणी सहज ठेवलं नसेल. ज्या वाचकाने १६३८ मध्ये ही पानं उलटली त्याला ठाऊक होतं की यातली कित्येक शहरं आता अशी नाहीत. त्याच्यासाठी पुढचा तराजू आणि मागचं शहर यांचा संबंध मी बाजारात शोधत होते त्यापेक्षा फार जवळचा असणार.

ओवीकार

हे पटलं. 'वेशीच्या अलीकडे' हे फार नेमकं आहे. माझा टोमण्याचा मुद्दा तरी पूर्ण सोडत नाही, सेव्हिल आहे ना माझ्या बाजूला!

शाईदाणी

सेव्हिल तुमचं, मान्य. तिथे हूफनागेलने डोळ्यांनी पाहिलेलं शहर आहे, आणि तो फरक पडतोच. तो स्वतःलाही चित्रात घालतो : १५७७-७८ मध्ये तो भूगोलकार ऑर्टेलियसबरोबर इटलीत हिंडला, आणि तिथल्या काही दृश्यांत पुढे दोन लहानशी माणसं उभी दिसतात ती हे दोघे. एक बोट दाखवतोय, दुसरा बघतोय.

अनुस्वार

ताई, एक विनंती. तुमच्या चित्राच्या खालच्या जर्मन ओळींचा अर्थ इथे द्याल का? आणि ते आता कसं लावणार आहात?

शाईदाणी

जर्मन जुनी आहे, आणि अक्षरंही पुसट छापलीत, शेवटचे दोन शब्द अजून लागत नाहीत. इथल्या एका शेजारच्या आजींना दाखवलंय, त्या निवृत्त शिक्षिका. लागले की टाकते, अर्धवट टाकून चूक पसरवायला नको.

लावायचं म्हणाल तर परवा चौकटवाल्याकडे गेले होते. त्याने सवयीने पुठ्ठ्याचं माप नुसत्या दृश्याचं घेतलं. म्हटलं, नाही, कागदाच्या कडेपासून कडेपर्यंत. पत्र्याची खाच दिसली पाहिजे, कोपऱ्यातलं अक्षर दिसलं पाहिजे, आणि खालच्या सगळ्या ओळी. आम्लमुक्त पुठ्ठा, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर लावायचं नाही. पुढच्या बुधवारी मिळेल.